अ‍ॅथलची काठी आणि माझा पडदा

मला दुसऱ्याचं भलं करायची फार घाई असते. हा गुण आईकडून आला. ती आमच्या जालन्याच्या चर्चमधल्या महिला मंडळाची चिटणीस होती, आणि गल्लीत कुणी दोनदा शिंकलं की तिसऱ्या शिंकेच्या आत काढा घेऊन त्याच्या दारात उभी असायची. टास्मानियात येऊन मला सव्वीस वर्षं झाली. काढा मागे राहिला, घाई मात्र बरोबर आली. अ‍ॅथल पर्सेल यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण गेल्या हिवाळ्यात त्यांचं जे काही बिघडलं ते मी त्यांचं भलं करायला निघाले म्हणूनच बिघडलं.

अ‍ॅथल ब्याऐंशी वर्षांचे. आमच्या ग्लेनमोरमधून वर तळ्यांकडे जो रस्ता जातो त्यावर शेवटून दुसरं घर त्यांचं. एक्केचाळीस वर्षं त्यांनी वीज खात्याच्या कालव्यावर राखणदारी केली. रोज काठाकाठाने सायकलवरून जायचं, पाण्यात पडलेल्या फांद्या आणि मेलेल्या वॉलबी, म्हणजे छोट्या जातीचे कांगारू, बाहेर ओढायच्या, दारं वर-खाली करायची. त्याबद्दल ते म्हणायचे, "एक्केचाळीस वर्षं पाण्याकडे बघत बसायचा पगार घेतला. आता फुकट बघतो." कामावरून सुटले की तळ्यावर, आणि निवृत्त झाल्यावर तर दिवसभरच तळ्यावर. पिसांची खोटी माशी करून ती गळाला लावून ट्राउट मासे धरायचा त्यांना नाद. धरायचा म्हणजे धरण्याचा प्रयत्न करायचा. साठ वर्षं आपण मासे धरतोय पण माशांना अजून त्याची खबर लागलेली नाही, असं ते स्वतःच सांगत. मासेमारी क्लबच्या भिंतीवर बक्षिसं मिळालेल्यांच्या नावांचा मोठा फळा आहे. त्यात पर्सेल हे नाव एकदाच येतं, तेही फळा रंगवणारा म्हणून, खाली कोपऱ्यात.

त्यांच्याजवळ गळाची, फायबरग्लासची एक जुनी काठी होती. मधाच्या रंगाची, साडेआठ फूट, दोन तुकडे एकमेकांत बसवायचे अशी. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ते होबार्टला सूट आणायला गेले आणि काठी घेऊन आले. मग लग्नात भावाचा सूट घातला. त्या फोटोत त्यांच्या बाह्या कोपराच्या जरा खाली संपतात. नोला, म्हणजे त्यांची बायको, तिने तो फोटो दारासमोरच लावला होता, म्हणजे घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी बाह्या दिसाव्यात. पण दर हिवाळ्यात काठीच्या कड्यांवरचा जुना दोरा सोडवून आपल्या शिवणाच्या लाल रेशमाने त्या पुन्हा बांधायचीही तीच. नोलाला जाऊन सात वर्षं झाली. लाल दोरा विटून गुलाबी झाला, मुठीचं बूच झिजलं आणि अ‍ॅथलनी त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली.

मला एवढं सगळं तेव्हा ठाऊक नव्हतं. मला फक्त चिकटपट्टी दिसली.

अ‍ॅथल दर गुरुवारी आमच्याकडे चहाला येत. माझी शंकरपाळी ते चहात बुडवून खात आणि याला तुमच्याकडे काय म्हणतात हे दर वेळी नव्याने विचारत. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. मी कप भरायला गेले की म्हणत, "अर्धाच भर, सू. उरलेला अर्धा मी शर्टाला पाजतो." माझं नाव सुशीला, पण इथे एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ नसतो.

मागच्या मार्चमध्ये लेस टॅपिंग वारले आणि अ‍ॅथल क्लबातले सगळ्यात वयस्कर सभासद झाले. याला आमच्याकडे अर्थ आहे. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मासेमारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी उजाडताना सगळा क्लब ब्लॅकवुड तळ्याच्या काठावर टोप्या काढून उभा राहतो आणि पहिली दोरी सगळ्यात वयस्कर माणूस टाकतो. पाण्यात बुडालेल्या एका जुन्या झाडाचा खुंट वर आलेला आहे. माशी त्याच्या पलीकडे पडायला हवी. तीन वेळा टाकायची मुभा असते. तिन्ही वेळा अलीकडे पडली तर मान पुढच्या वयस्काकडे जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही. पुढचे होते रॉइस हॅडली, वय एकोणऐंशी, आमच्याकडचे नळ दुरुस्त करणारे. रॉइसने त्यासाठी नवी टोपी आणून ठेवलीय असं अ‍ॅथल सांगायचे. आपली लायकी एवढीच की आपण मेलो नाही, असंही म्हणायचे. पण एका गुरुवारी कप खाली ठेवून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "एकदा तरी टाकायचीय गं मला. एकदा टाकली की मग रॉइसला टोपी घालू दे."

झालं. मला काढा दिसला.

या बिचाऱ्या माणसाने सगळ्या गावासमोर ती चिकटपट्टीवाली काठी घेऊन उभं राहायचं हे मला बघवेना. मी रविवारच्या उपासनेनंतर नव्या काठीसाठी वर्गणीचा डबा फिरवला. कुणी नाही म्हटलं नाही. इथे कुणी कशालाच नाही म्हणत नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. सामुएल, म्हणजे माझे यजमान, त्यांनी एवढंच विचारलं, की अ‍ॅथलना विचारलंस का. मी म्हटलं, भेट कधी विचारून देतात का. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांचे बरेच शहाणे प्रश्न मी असेच गप्प केले आहेत.

होबार्टच्या दुकानदाराने कशा प्रकारची काठी हवी असं विचारलं, तेव्हा मी "सगळ्यात भारी" असं सांगितलं. ती काळी होती, पेन्सिलीसारखी हलकी आणि ताठ. जूनमध्ये चर्चच्या हॉलमध्ये स्कोन नावाचे गोडसर पाव आणि जॅम यांच्या साक्षीने आम्ही ती अ‍ॅथलना दिली. त्यांनी ती हातात घेतली, वर-खाली पाहिली आणि म्हणाले, "मासा न लागायला आता माझ्याकडे सबब उरली नाही." सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसले.

दोनच दिवसांनी ते चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आले. मंगळवारी तिथे माझी पाळी असते. जुन्या काठीचे दोन्ही तुकडे त्यांनी माझ्यासमोर ठेवले, बाहीने एकदा पुसले आणि घरात दोन काठ्या ठेवून काय करायचं असं म्हणून निघून गेले. मला वाटलं, किती समजूतदार माणूस. जुनी काठी व्हरांड्यात कुणाला दिसली तर नवी आवडली नाही असं लोकांना वाटेल म्हणून त्यांनी ती घराबाहेर काढली होती, हे कळायला मला पाच आठवडे लागले.

दोन आठवडे ती कुणी घेतली नाही. खपलं नाही ते कचऱ्यात जातं असा दुकानाचा नियम. मला टाकवेना. मीच डब्यात पैसे टाकून ती घरी आणली. मुठीचा तुकडा मी हॉलच्या उंच खिडक्या उघडायला ठेवून दिला, त्याला काय झोकात पकड होती. आणि वरचा बारीक तुकडा बघून तर मला प्रभूनेच पाठवल्यासारखं वाटलं, कारण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडद्याची दांडी हवी होती आणि या दांडीला ओळीने कड्या आयत्याच होत्या. त्या दोरी ओवायला असतात हे मला कसं ठाऊक असणार. मी त्यांत पडद्याचे आकडे अडकवले. फक्त दांडी खिडकीपेक्षा वीतभर लांब होत होती, म्हणून मी ब्रेडच्या सुरीने तिचं टोक कापून टाकलं.

त्या गुरुवारी मी अ‍ॅथलना मोठ्या कौतुकाने खिडकी दाखवली. म्हटलं, बघा, तुमची वस्तू वाया गेली नाही. ते खिडकीजवळ गेले. मग म्हणाले, "छान बसलाय पडदा." ती दांडी एका बाजूला बारीक होत जाणारी, त्यामुळे पडदा तिकडे झुकायचा. पुढचे तीन गुरुवार अ‍ॅथल चहाला बसायच्या आधी उठून तो हलक्या हाताने सरळ करत. मी मनात म्हणत असे, एकट्या माणसाला नीटनेटकेपणाची सवय लागते.

जुलैच्या मध्यावर, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, मी हॉल झाडायला गेले होते. रॉइस तिथला गळका नळ बघत होते. मी मुठीच्या तुकड्याने वरची खिडकी उघडली आणि बाहेरून वेताची छडी हवेत मारल्यासारखा सपकन् आवाज आला. मागच्या क्रिकेटच्या मैदानावर, दहिवराने पांढऱ्या झालेल्या गवतात, अ‍ॅथल एकटेच नवी काठी घेऊन उभे होते. त्यांनी दोरी मागे फेकली, पुढे आणली आणि ती सगळी गोळा होऊन त्यांच्या डोक्यावर पडली. त्यांनी टोपी काढली, आकडा सोडवला, टोपी घातली. पुन्हा फेकली, पुन्हा डोक्यावर. मी सात वेळा मोजलं. पहिल्या दोन वेळा मला हसू आलं होतं.

मी बाहेर गेले. अ‍ॅथलना मी आलेलं आवडलं नाही, पण ते तसं दाखवणाऱ्यांतले नाहीत. काठीकडे बघत म्हणाले, "फार चांगली आहे, सू. मीच तिच्या जोगा नाही." आणि दोरी गुंडाळून घरी गेले.

आत आल्यावर रॉइसनी नळाखालूनच मला समजावलं. या नव्या काठ्या घाईच्या असतात. ताठ असतात, हाताने जे केलं ते तिथल्या तिथे टोकापर्यंत नेतात. अ‍ॅथलच्या हाताची थरथरसुद्धा. ती जुनी फायबरग्लासची काठी मऊ होती, मागे वाकली की वाकून थांबायची, मग सावकाश पुढे यायची. "त्याची सगळी थरथर ती पोटात घालायची," रॉइस म्हणाले. "तिच्यावर तो खुंटाच्या पलीकडे टाकेलही. हिच्यावर नाही. मला टोपी घालायला मिळणार." ते म्हणताना त्यांचा चेहरा टोपी मिळणाऱ्या माणसासारखा नव्हता. मग त्यांनी विचारलं, ती जुनी गेली कुठे.

माझ्या हातात मुठीचा तुकडा होता. रॉइसनी त्याच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं.

"आणि वरचा?"

"माझ्या स्वयंपाकघरात."

"काय करतो तिथे?"

मी सांगितलं. रॉइस नळाखालून बाहेर आले आणि खुर्चीवर बसले. कापलेल्या टोकाचं सांगितल्यावर, कशाने कापलंस, असं त्यांनी विचारलं. सुरीचं ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

एक गोष्ट मी रॉइसच्या बाजूने लिहून ठेवते. त्यांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर मान त्यांच्याकडे आला असता. त्याऐवजी त्यांनी दोन्ही तुकडे आपल्या गॅरेजमध्ये नेले, कापलेल्या टोकाला नवी कडी बसवली आणि बाकीच्या कड्यांवरच्या गुलाबी दोऱ्याला हात लावला नाही. तो दोरा कुणाचा हे मला त्यांनीच सांगितलं. मी घरी येऊन बराच वेळ भांडी घासत राहिले. घासलेलीच.

काठी घेऊन मी अ‍ॅथलकडे गेले. त्यांनी एका कडीवरून अंगठा फिरवला आणि काठी मला परत दिली. सगळ्या गावाने दिलेली घरी ठेवून ही घेऊन तळ्यावर उभं राहायचं तर मार्गरेटला काय वाटेल, असं विचारलं. मार्गरेट क्लबची चिटणीस, तिनेही डब्यात पैसे घातले होते. मी म्हटलं, मी सगळ्यांना समजावून सांगते, चूक माझीच आहे. त्यावर ते पहिल्यांदा जरा कडक बोलले. "नको. तू सांगशील, मग सगळे माझ्याकडे येऊन माफी मागतील, आणि मला सगळ्यांना चहा करावा लागेल. लोकांनी चांगल्या मनाने दिलंय. तीन वेळा डोक्यावर पडली तर पडली. ब्याऐंशी वर्षं पडतेच आहे काही ना काही."

रविवारी मी उपासनेनंतर बाकावर बसून राहिले आणि सगळं प्रभूला सांगितलं. ब्रेडच्या सुरीसकट. नव्या काठीला काहीतरी व्हावं, गाडीच्या दारात सापडावी, असंही माझ्या मनात आलं, तेही सांगितलं आणि त्याची क्षमा मागितली. उत्तर वगैरे काही आलं नाही. मला वाटतं, माझ्याबाबतीत त्यालाही काय बोलावं सुचत नसेल. पण उठता उठता एक गोष्ट डोक्यात आली. अ‍ॅथलना मी सारखं काहीतरी द्यायला बघत होते. त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आणि मागणाऱ्याला या माणसाने जन्मात नाही म्हटलेलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी गारांचा पाऊस पडत होता. चाळीसेक माणसं काठावर उभी होती. मी सामुएलचे पाण्यात उतरायचे, छातीपर्यंत येणारे रबरी बूट घालून आले होते. ते मला गळ्यापर्यंत येत होते. टोप्या काढायच्या आधी मी अ‍ॅथलसमोर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अ‍ॅथल, मला मासे धरायला शिकायचंय. आजच सुरुवात करायची म्हणते. माझ्याजवळ काठी नाही. तुमची नवी द्याल का?"

मार्गरेटने मला खालून वर पाहिलं. सव्वीस वर्षांत मी कधी तळ्यात पाय घातला नव्हता. रॉइस म्हणाले, "आधी पोहता येतं का विचारा तिला." लोक हसले, आणि मला बरं वाटलं, कारण ते अ‍ॅथलना हसत नव्हते.

अ‍ॅथलनी आधी माझ्या बुटांकडे पाहिलं. मग त्यांनी नवी काठी माझ्या हातात दिली. नाही म्हणणं त्यांना जमलंच नसतं.

"मग मी कशाने टाकू?" त्यांनी विचारलं.

रॉइसनी गाडीतून जुनी काढली. म्हणाले, "तोवर ही घे. वेळ कशाला घालवतोस, गार पडलोय सगळे."

अ‍ॅथल काठी जोडता जोडता मला हळूच म्हणाले, "तुला खोटं बोलता येत नाही, पोरी."

मी म्हटलं, "मी खोटं बोललेच नाही." आणि हे मी आधीच ठरवून आले होते. आदल्या रविवारी क्षमा मागून झालेली, लगेच नवं पाप कोण घेणार. याचा अर्थ मला खरोखर शिकावं लागणार होतं, हे मात्र मी ठरवताना नीट पाहिलं नव्हतं.

टोप्या निघाल्या. अ‍ॅथल गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पहिली माशी खुंटाच्या अलीकडे पडली. वीतभर अलीकडे. ती वीत कुणाची, हे तिथे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं आणि अ‍ॅथल आणि रॉइस दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या वेळी दोरी मधेच अडकली. त्यांनी काठी जवळ घेऊन बघितलं. एका कडीत पडद्याच्या लेसचा पांढरा धागा राहिला होता. तो त्यांनी थरथरत्या बोटांनी ओढून काढला आणि खिशात ठेवला. ती फेक मोजली गेली. मार्गरेट नियमाला पक्की आहे.

तिसऱ्या वेळी काठी मागे गेली आणि वाकली. वाकूनच राहिली. मला वाटलं, आता ही पुढे येतच नाही. माझा हात असता तर मी केव्हाच ओढली असती. अ‍ॅथल थांबले होते. त्यांचा हात थरथरत होता, पण काठीचं टोक थरथरत नव्हतं. मग ती पुढे आली, दोरी पाण्यावर सावकाश उलगडत गेली आणि माशी खुंटाच्या पलीकडे पडली. आवाजसुद्धा झाला नाही.

मासा लागला नाही. तो कशाला लागतोय. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, तशी पद्धत नाही. लोकांनी टोप्या घातल्या आणि आपापल्या जागा धरल्या. अ‍ॅथल वळून म्हणाले, "झालं. आता रॉइस, पुढच्या वर्षी घाल ती टोपी." रॉइसनी सांगितलं की घातलीच आहे, थंडी वाजते. आणि खरंच, त्यांच्या डोक्यावर हिरवी नवी कोरी टोपी होती.

ती टोपी मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण पाचच मिनिटांत मी माझी पहिली दोरी मागे फेकली आणि आकडा थेट तिच्यातच रुतला. मग मी घाईने पुढे ओढली. टोपी खुंटाच्या पलीकडे जाऊन पडली. एवढ्या लांब त्या दिवशी कुणाचंच काही पडलं नव्हतं.

आता गुरुवारी चहाच्या आधी अ‍ॅथल मला मैदानावर अर्धा तास शिकवतात. ते मागे उभे राहून एकच शब्द म्हणतात, "थांब." मी थांबत नाही. ते पुन्हा म्हणतात. मग आम्ही घरी येतो, मी त्यांचा कप अर्धा भरते.

खिडकीला अजून पडदा नाही. परवा ते तिथे उभे राहून बाहेर बघत होते, आणि मग त्यांची नजर खाली ओट्यावरच्या कुंडीवर गेली. त्यात माझी मिरची आहे. थंडीत वाकायला लागली म्हणून मी तिला एक बारीक काडी टेकू म्हणून दिली होती. मधाच्या रंगाची, वीतभर, टोकाला एक छोटीशी कडी असलेली. मी ती काडी पार विसरले होते.

मी ती उपटायला पुढे झाले. अ‍ॅथलनी हात आडवा धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "मिरची उभी आहे ना."